राळेतला जीव

आमच्या घरात ‘अंबर’ हा शब्द दोनच अर्थांनी यायचा. एक आकाश, दुसरा वस्त्र. दिगंबर म्हटलं की दोन्ही एकदमच आले. तिसरं अंबर अत्तरवाल्याकडे असतं, ते देवमाशाच्या पोटात तयार होतं आणि समुद्रावर तरंगत येतं. मी जे सांगणार आहे ते या तिन्हींतलं नव्हे. ती झाडाची राळ आहे, कोट्यवधी वर्षं जमिनीत मुरलेली. अरबीतला ‘अन्बर’ देवमाशाचाच. युरोपात गेल्यावर तो शब्द समुद्रकाठी सापडणाऱ्या या पिवळ्या खड्यालाही चिकटला, आणि इंग्रजीच्या बोटाला धरून आपल्याकडे परत आला. संस्कृतात याला फार नेमका शब्द आहे: तृणमणी. गवताची काडी ओढून घेणारा मणी. फारसीत ‘काह-रुबा’, म्हणजे काडी पळवणारा, आणि हकिमांच्या औषधांतून तोच आपल्याकडे कहरबा होऊन आला. ग्रीक लोक याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. लोकरीवर घासला की हा खडा हलक्या वस्तू ओढतो, हे तिन्ही लोकांनी आपापलं पाहिलेलं होतं. १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकावर ग्रंथ लिहिला, त्यात या ओढीला ग्रीक शब्दावरून नाव दिलं, आणि पुढे इंग्रजीत विजेचं नावच त्यावरून पडलं.

डिंक आणि राळ यांत आपण गल्लत करतो. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्याचे लाडू होतात. राळ पाण्याला दाद देत नाही. ती तेलातुपात मिसळते, विस्तवावर टाकली की धुरावते. आजोबांचं निपाणीला किराण्याचं दुकान होतं. ऊद, धूप, राळ यांचे डबे एका फळीवर असायचे, आणि शेतकरी बैलाच्या खांद्याच्या जखमेला लावायला राळ घेऊन जायचे. माणसांसाठीही राळेचं मलम असतंच. झाडाच्या बाबतीत वेगळं काय आहे? साल फाटली, फांदी मोडली, किडा आत शिरला, की झाड राळ सोडतं. ते त्याचं मलम. जखम बुजावी, किडा मरावा, बुरशी लागू नये, एवढ्याचसाठी. त्यात माशी अडकते ती झाडाच्या हिशेबातली नसते.

घडतं ते असं. ताज्या राळेच्या ओघळावर एखादं चिलट बसतं आणि पाय सुटत नाहीत. जितकं झटापट करावं तितकं रुतत जातं. दुसरा ओघळ येतो आणि त्याच्यावरून जातो. उन्हात राळेतली उडून जाणारी तेलं उडतात, राळ कडक होते, गळून पडते. पुराचं पाणी तिला वाहून नेतं, खाडीच्या किंवा नदीमुखाच्या गाळात ती पुरली जाते. हवा न लागता, वर थरावर थर चढत असताना, राळेतले रेणू एकमेकांत सांधले जातात आणि तिचा खडा होतो. हे लवकर झालं तर त्याला अंबर म्हणत नाहीत; काही हजार वर्षांच्या कच्च्या राळेला कोपल म्हणतात, आणि बाजारात फसवणूक होते ती बरीचशी तिचीच. आतल्या किड्याचं बाहेरचं कवच राहतं, पंखांवरच्या शिरा राहतात, पायांवरची लव राहते, डोळ्यांतली एकेक भिंगं मोजता येतात. दगडातल्या जीवाश्मात हाडं मिळतात, शिंपले मिळतात. चिलट मिळणं मुश्कील. अंबरात चिलटच मिळतं. मोठे प्राणी त्यातून पाय सोडवून घेतात, लहान अडकतात. इटलीच्या डोलोमाइट डोंगरांतल्या तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान थेंबांत दोन कोळीडे आणि एक माशी सापडली, ती २३ कोटी वर्षांपूर्वीची. कोळीडा साध्या डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनॉसोर जिवंत करण्याचा सिनेमा १९९३ साली आला, आणि त्याच वर्षी लेबनॉनच्या अंबरातल्या भुंग्यातून डीएनए मिळाल्याचा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला. योग मोठा जुळून आला होता. पण काही वर्षांतच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या लोकांनी तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि हाती काही आलं नाही. जे मिळालं होतं ते आजकालच्या जिवांचं, बाहेरून मिसळलेलं. राळ आकार जपते, बीज जपत नाही. सिनेमा मात्र अजून लागतो.

आता माणसं. रोमच्या प्लिनीने सृष्टीचा जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याच्या शेवटच्या, सदतिसाव्या भागात अंबर येतं. हे पाइनसारख्या झाडाचं स्रवण आहे असं तो सरळ सांगतो. पुरावा काय, तर घासल्यावर येणारा वास, आणि आत दिसणारे जीव. हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा मेला, म्हणजे एवढं शहाणपण एकोणीसशे वर्षं जुनं आहे. पण त्याच पानांवर तो चिडून आणखी एक गोष्ट लिहितो. अंबरात कोरलेल्या माणसाच्या एका लहानशा बाहुलीला धडधाकट जिवंत माणसापेक्षा जास्त किंमत येते. जिवंत माणूस म्हणजे अर्थात गुलाम. आणि टॅसिटस या दुसऱ्या रोमन इतिहासकाराने बाल्टिक समुद्राकाठच्या लोकांविषयी लिहिलंय की ते किनाऱ्यावर आणि उथळ पाण्यात हे वेचतात, त्यांना स्वतःला त्याचा उपयोग नाही, ते जसंच्या तसं विकतात आणि मिळालेल्या किमतीकडे चकित होऊन पाहतात. अंबराचा सगळा पुढचा इतिहास मला या दोन वाक्यांत दिसतो. एका टोकाला चकित झालेला वेचणारा, दुसऱ्या टोकाला गुलामापेक्षा महाग बाहुली.

तेराव्या शतकात जर्मन बोलणाऱ्या ट्यूटॉनिक सरदारांच्या पंथाने प्रशियाचा किनारा जिंकला आणि अंबर आपल्या हक्काचं केलं. वादळ झालं की लाटांबरोबर खडे वाहून येत. गावकऱ्यांनी छातीभर थंड पाण्यात उभं राहून जाळ्यांनी ते गोळा करायचे आणि सगळेच्या सगळे अधिकाऱ्याच्या हवाली करायचे. बदल्यात मीठ मिळे. परवानगीवाचून खडा खिशात टाकला तर फाशी, आणि त्यासाठी किनाऱ्यावर खांबही उभारलेले. मग तो माल ब्रुज आणि ल्यूबेक इथल्या कारागीर संघांकडे जाई आणि त्याच्या जपमाळा होत. ज्याला किनाऱ्यावर फिरायला बंदी, त्याच्याच गावच्या वाळूतला मणी लांबच्या कुणी भाविक बाईच्या बोटांतून सरकत असे. पंथ गेला, राजे आले, कायदा राहिला. पुढे तर किनाऱ्यावरच्या लोकांना अंबर चोरणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. (रशियाच्या राजवाड्यातल्या, युद्धात हरवलेल्या अंबराच्या खोलीची गोष्ट सगळ्यांनी वाचलेली असते. ती इथे नको.)

या सगळ्यात आतल्या जिवाकडे कुणाचं लक्ष होतं? होतं, पण गंमत म्हणून. माशीवाला मणी साध्या मण्यापेक्षा महाग, इतकंच. नाथानाएल झेंडल नावाच्या एका डॉक्टरने ड्रेस्डेनच्या राजसंग्रहातल्या अंबरांवर १७४२ साली मोठा सचित्र ग्रंथ छापला, आणि तिथून माशीला माशी म्हणून बघणं नीट सुरू झालं. तो संग्रह १८४९च्या दंगलीत जळाला. अंबर फार छान जळतं. जर्मन भाषेत त्याला ‘बर्नश्टाइन’, म्हणजे जळणारा दगडच म्हणतात. तेव्हा कोट्यवधी वर्षं टिकलेले जीव एका दिवसात गेले आणि झेंडलची चित्रं राहिली. पुढे डांझिगचे डॉक्टर बेरेंट यांनी मोठा संग्रह जमवून त्यातल्या प्राण्या-वनस्पतींचं वर्णन हाती घेतलं. हे सगळे डॉक्टरच, मला याचं नवल वाटतं. रोग्यांकडून सवड काढून मेलेल्या चिलटांचे पाय मोजत बसायचं.

पैसा आला की नकलाही आल्या. अंबर वितळवता येत नाही, पण पोकळ करता येतं. लंडनच्या म्युझियममध्ये एक माशी होती, बाल्टिक अंबरातली. १८५०पासून ती जाणकारांना ठाऊक होती, म्युझियमने १९२२ साली घेतली, आणि १९६६ साली हेनिग या मोठ्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने तिचं सविस्तर वर्णन केलं. आश्चर्य त्यांना हे वाटलं की ही तर आजच्या संडासातल्या माशीसारखी हुबेहूब, जराही फरक नाही. १९९३ साली अँड्र्यू रॉस हा तरुण अभ्यासक तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघत असताना दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती भेग दिसू लागली. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी खडा अर्धा कापून, कोरून, त्यात आपल्याच घरातली माशी ठेवून तो पुन्हा चिकटवला होता. फरक दिसणार कुठून? त्या कारागिराचं नाव कळलेलं नाही. हात मात्र चांगला असला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच प्रशियाच्या किनाऱ्यावर पाल्मनिकेन गावी यंत्रांनी खाणी सुरू झाल्या. वेचण्याचं काम संपलं आणि टनांनी अंबर निघू लागलं. क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात जगातला सर्वांत मोठा अंबरसंग्रह जमला, एक लाखावर तुकड्यांचा. दुसऱ्या महायुद्धात तो विखुरला. काही भाग वेळीच हलवला म्हणून ग्योटिंगेनला वाचला. याच खाणीच्या गावी जानेवारी १९४५मध्ये नाझी पहारेकऱ्यांनी छळछावण्यांतले हजारो ज्यू कैदी बर्फातून चालवत आणले. त्यांत बहुतेक बाया होत्या. वाटेतच कित्येक जणी मारल्या गेल्या. जिवंत पोचलेल्या सुमारे तीन हजारांना एका जुन्या अंबरखाणीत कोंडून वरून बुजवून टाकायचं, असा बेत होता. गावातल्या काही जणांनी विरोध केला, तो बेत फसला, आणि मग ३१ जानेवारीच्या रात्री त्यांना समुद्राकडे हाकलून गोळ्या घातल्या. पंधरा-वीस जीव वाचले असतील. त्या किनाऱ्यावर आज स्मारक आहे. गावाचं नाव बदलून यांतार्नी झालं, ‘यांतार’ म्हणजे रशियन भाषेत अंबरच, आणि खाण अजून चालते. मी यापुढे काही म्हणत नाही. पण अंबरात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चिलटाच्या पायावरची लव जपली जाते हे वाक्य मी लिहिते, तेव्हा या बायांची आठवण बाजूला सारता येत नाही.

बाल्टिकचं अंबर फार तर साडेचार कोटी वर्षांचं. डायनॉसोर तोवर जाऊन दोन कोटी वर्षं झालेली. त्यांच्या काळातलं, भरपूर जिवांनी भरलेलं अंबर निघालं ते आपल्या शेजारी, ब्रह्मदेशाच्या उत्तरेला काचिन प्रांतातल्या हुकाँग खोऱ्यात. शेजारी म्हणजे किती? आसामातल्या लेडोहून निघून पाटकाईचे डोंगर ओलांडले की हुकाँग. १९४२ साली जपान्यांपुढून ब्रह्मदेश सोडून पायी निघालेल्या हिंदी लोकांपैकी हजारो याच खोऱ्यातल्या चिखलात, तापाने आणि उपासमारीने मेले. १९३७पर्यंत हा सगळा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत होता, त्यामुळे तिथल्या अंबराची पहिली शास्त्रीय पाहणी केली तीही आपल्या कलकत्त्याच्या भूगर्भ खात्यातल्या फ्रिट्झ नोएटलिंग या जर्मन अधिकाऱ्याने, १८९०नंतरच्या दशकात. त्याने हे अंबर तसं अलीकडचं ठरवलं. तिथले लोक आधीपासून खड्डे खणून ते काढत, काचिन बाया कानात अंबराच्या नळ्या घालत, चिनी व्यापारी घेऊन जात. त्या खोऱ्यात माणसं गुलाम म्हणूनही ठेवली जात. १९२५ साली गव्हर्नर हारकोर्ट बटलर यांनी तिथे दरबार भरवून ती प्रथा बंद केली. प्लिनीचं वाक्य इथे पुन्हा आठवावं.

मंडालेला स्विनहो नावाचे एक वकील होते. त्यांनी बाजारातून किडे असलेले खडे जमवून अमेरिकेत कोलोरॅडोला प्राध्यापक कॉकरेल यांच्याकडे पाठवले. कॉकरेल मधमाश्यांचे पंडित. १९१६पासून त्यांनी या किड्यांची वर्णनं छापली आणि एक शंका लिहून ठेवली: हे किडे इतके जुन्या धाटणीचे आहेत की हे अंबर मानतात त्यापेक्षा पुष्कळ जुनं असावं. ब्रह्मदेशात न जाता, केवळ माशीचा पंख बघून! ती शंका ऐंशीएक वर्षं तशीच पडून राहिली. २००० साली लंडनच्या संग्रहातले तेच खडे पुन्हा तपासले गेले, तपासणाऱ्यांत संडासातली माशी पकडणारे अँड्र्यू रॉसही होते, आणि कॉकरेल बरोबर ठरले. पुढे अंबराभोवतीच्या राखेतल्या झिरकॉनच्या कणांवरून वय निघालं, सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षं.

त्यानंतर जे बाहेर येत गेलं त्याने माणूस वेडावून जावा. जाळ्यात सापडलेल्या गांधिलमाशीवर झेपावणारा कोळी, मधेच थिजलेला. पिसाला धरून बसलेली गोचीड. समुद्रातला शंखवाला अमोनाइट, झाडाच्या राळेत कसा शिरला देव जाणे. आजवर दोन हजारांहून जास्त जाती या एका खोऱ्यातल्या अंबरावरून नोंदल्या गेल्या आहेत. आणि २०१५ साली शिंग लिडा या चिनी अभ्यासकाला मिच्यिना गावच्या अंबरबाजारात एक तुकडा दिसला, जर्दाळूएवढा, दागिन्यासाठी घासून गोल केलेला. विकणाऱ्याला वाटत होतं आत झाडाची डहाळी आहे. ती शेपूट होती, पिसांसकट, चिमणीएवढ्या डायनॉसोरच्या पिलाची. वरून तपकिरी, खालून फिकट. शेजारी एक मुंगी. डिसेंबर २०१६मध्ये तो निबंध आला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो फोटो छापला. मी तो कापून वहीत चिकटवला होता. पिसांचे बारीक बारीक फाटे दिसत होते. पक्ष्यांची पिसं कशी झाली याविषयी जे इतकी वर्षं दगडातल्या ठशांवरून ओळखायचं, ते प्रत्यक्ष समोर आलं होतं.

तो खडा वर कसा आला, याच्या बातम्या नंतर वाचल्या. हुकाँगच्या खाणी म्हणजे चौकोनी विहिरी, एक सडपातळ माणूस मावेल एवढ्याच रुंद, आणि काही तीनशे फूट खोल. जाडजूड माणूस उतरूच शकत नाही, म्हणून पोरगेली मुलं उतरतात. बाजूंना बांबू, लाकडाचे टेकू. कोसळलं, पाणी भरलं, तर भरपाई नाही. या भागावर काचिन इंडिपेंडन्स आर्मीचा ताबा होता. ते कर घेत. १९९४पासूनचा युद्धविराम २०११मध्ये मोडला. जून २०१७मध्ये म्यानमारच्या सैन्याने हेलिकॉप्टरमधून पत्रकं टाकली: खाणी सोडून जा. मग हल्ला झाला, हजारो लोक घरंदारं टाकून पळाले, आणि खाणींच्या उत्पन्नाची वाट सैन्याकडे वळली. माल चीनच्या युन्नान प्रांतात, तेंगचोंगच्या बाजारात जातो. म्यानमारचा कायदा जीवाश्म देशाबाहेर न्यायला मनाई करतो, पण अंबर तिथे रत्नांत मोडतं, आणि रत्न नेता येतं. त्यामुळे आत डायनॉसोर असला तरी बाहेरून तो दागिनाच. आणि तिथल्या मुलांना आपल्या डोंगरातली ही शेपूट बघायची असेल तर परदेशी जावं लागेल.

एप्रिल २०२०मध्ये पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नियतकालिकांना पत्र लिहिलं की २०१७नंतर बाहेर आलेल्या ब्रह्मी अंबरावरचे निबंध छापू नका. त्यावर जोरात वाद झाला. विरोधकांचं म्हणणं असं: खाण आमच्यासाठी चालत नाही, दागिन्यांसाठी चालते. आम्ही घेतलं नाही तर तो खडा कुणाच्या तरी गळ्यात जाईल आणि विज्ञानाला कायमचा मुकेल. शिवाय २०१७च्या आधी तरी कुठे सगळं स्वच्छ होतं, आणि बंदीने गरीब खाणकामगाराचा घास जाईल त्याचं काय?

यातला शेवटचा मुद्दा मला खरा वाटतो. पहिला वाटत नाही. माशीवाला खडा साध्यापेक्षा महाग, आणि सरडावाला माशीवाल्यापेक्षा कैक पटीने महाग, हा भाव रोमच्या वेळेपासूनचा आहे. त्याला ‘नेचर’मधल्या फोटोने पाठबळ मिळतं हे नाकारता येणार नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नेचर’च्या मुखपृष्ठावर हुकाँगच्या अंबरातली एक इवलीशी कवटी झळकली, जगातला सर्वांत लहान डायनॉसोर-पक्षी म्हणून. जुलैत निबंध मागे घ्यावा लागला. तो सरडा निघाला. निबंधात चूक होणं हे काही पाप नव्हे. पण चार महिन्यांत त्या कवटीचं कूळ, जात, डोळ्याची खोबण, दातांची संख्या यांवर जेवढं बोललं गेलं त्याच्या शतांशही ती वर काढणाऱ्याविषयी नाही. निबंधात खडा कोणत्या संस्थेत ठेवला आहे, त्याचा क्रमांक काय, कुणी दान केला, हे असतं. कुणी खणला हा रकानाच नसतो. लंडनच्या पेटीत स्विनहोंचं नाव आहे, त्यांना खडे विकणाऱ्याचं नाही.

बोट दुसऱ्याकडे करून मोकळं होता येत नाही. आमच्यात श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांची जुनी यादी आहे, तिच्यात जमीन फोडण्याचा धंदा येतो. खडा विकण्याचा येत नाही. त्यामुळे आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या जवाहिरे आहेत, आणि खडा कुठल्या हातांनी वर आला हा प्रश्न दुकानाच्या उंबऱ्याबाहेर राहतो. बडोद्यात एका ओळखीच्या दुकानात मला डास असलेलं लोलक दाखवलं होतं. कुठून येतं विचारलं, तर “चायनाथी आवे छे, बेन,” एवढंच उत्तर. खरं आहे का? तर “पाण्यात मीठ टाकून बघा.” ही परीक्षा चांगली आहे. दाट मिठाच्या पाण्यात खरं अंबर तरंगतं, बहुतेक प्लॅस्टिक बुडतं. त्यांनी करूनही दाखवली, तरंगलं. पण मला विचारायचं होतं त्याला मिठाची परीक्षा नाही. लोलक परत दिलं, चहा घेतला, आले.

आता जवळची गोष्ट. बडोद्याहून दक्षिणेला, सुरत जिल्ह्यात मांगरोळ तालुक्यात वास्तान म्हणून गाव आहे. तिथे लिग्नाइटची, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशाची मोठी उघडी खाण आहे. त्या कोळशाच्या थरांत राळेचे पिवळे, विटकरी तुकडे मिळतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले हुकम सिंग, जर्मनीतल्या बॉनचे येस रुस्ट, न्यूयॉर्कचे डेव्हिड ग्रिमाल्डी आणि आणखी काही जणांनी तिथून दीडशे किलो अंबर गोळा केलं. २०१०मध्ये त्यांचा निबंध आला. सातशेच्या वर कीटक आणि त्यांचे भाऊबंद, ५५ कुळांतले. वय पाच कोटी वर्षांच्या थोडं मागे. घोडा आणि गेंडा यांच्या पूर्वजांच्या नात्यातला एक सस्तन प्राणीही याच खाणीतल्या हाडांवरून ओळखला गेला, त्याला खंबातवरून कॅम्बेथेरियम नाव दिलं.

या अंबराचं महत्त्व वेगळंच आहे. आपला भूखंड सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला आणि एकटा उत्तरेकडे सरकत आशियाला येऊन भिडला. इतका काळ बेट होऊन राहिलेल्या भूमीवर जगावेगळे जीव असायला हवेत, मादागास्करवर किंवा ऑस्ट्रेलियात आहेत तसे. वास्तानचे किडे बघितले तर तसं नाही. त्यांचे सोयरे बाल्टिक अंबरात आहेत, चीनमधल्या अंबरात आहेत, अमेरिकेच्या उष्ण भागातही आहेत. म्हणजे आपण वाटलो तेवढे एकटे नव्हतो. किनारा लागायच्या आधीच कुठून तरी, मधल्या बेटांच्या माळेवरून असेल, येजा सुरू झालेली होती. भूखंडांच्या टकरीचा हा पुरावा चावऱ्या चिलटांनी दिला, याची मला मौज वाटते.

आणि ही राळ कुठल्या झाडाची? रसायनं तपासून कळलं की डिप्टेरोकार्प कुळाची, म्हणजे शालवृक्षाच्या घराण्यातली. निपाणीच्या दुकानात फळीवरच्या डब्यात असायची ती राळ शालाचीच. बाल्टिकच्या अंबरासारखी ही पक्की झालेली नाही. पाच कोटी वर्षांनंतरही टोल्युइनसारख्या द्रवात विरघळते. त्यामुळे जगात क्वचितच जमतं ते इथे जमतं: खडा हळूहळू विरघळवून आतली माशी सबंध बाहेर काढता येते, सुईने उलटीसुलटी करता येते. हाच गुण दागिन्याच्या दृष्टीने दोष. हे अंबर ठिसूळ, झिलई न घेणारं. त्याला कुणी विचारत नाही, म्हणून वास्तानला अंबरासाठी बोगदे नाहीत, पहारे नाहीत, हेलिकॉप्टर नाहीत. कोळसा काढताना बाजूला पडलेल्या ढिगाऱ्यात अभ्यासक पिशव्या घेऊन बसले आणि वेचत राहिले. कोळशासाठी गावांच्या जमिनी गेल्या, तो हिशेब निराळा आहे आणि तोही लिहिला पाहिजे, पण त्याचा दोष चिलटांवर जात नाही.

मी ती खाण कुंपणाबाहेरून पाहिली आहे. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला मोठा काळा-तपकिरी खड्डा, तळाशी साचलेलं पाणी, आणि वर चढणारे ट्रक. त्या ट्रकांतला कोळसा जवळच्याच वीजकेंद्रात जातो. दीडशे किलो अंबर वेचलं गेलं. जे कोळशातच राहिलं ते कोळशाबरोबर भट्टीत जाणार, हे उघडच आहे. शालाची राळ, तिच्यातली चिलटं, मुंग्या, कोळी, सगळं जळून त्याची वीज होते, आणि तारांवरून भरूच, बडोदा करत आमच्या घरापर्यंत येते.